बार्नची घरं होताहेत, त्याआधी नोंद कशी करायची?

माणदेशी_नॉरिचकर
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात, नॉरफोकमध्ये एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात काम करते. एका शेतावरच्या जुन्या विटांच्या बार्नची, म्हणजे कोठाराची, तीन घरं होणार आहेत. परवानगी मिळालीय, पण कौन्सिलची अट आहे: आधी इमारत आहे तशी टिपून ठेवणारी ‘लेव्हल २’ ची नोंद करून अहवाल द्या, मगच कामाला हात लावा. साहेबांनी ते माझ्या गळ्यात घातलं.

फ्लेमिश बाँडच्या (प्रत्येक थरात एक वीट आडवी, एक टोकाकडून दिसणारी) भिंती, वर लाल पन्हाळी कौलं. समोरासमोर दोन दारं, भरलेली गाडी सरळ आत यावी एवढाली. भिंतीत मधल्या विटा गाळून केलेली भोकांची नक्षी. दारांच्या चौकटीला दोन्हीकडे तळाशी गुडघाभर उंचीच्या उभ्या खाचा आहेत, त्या कशाला ते कळेना. मालक म्हणतो, फोनवर दोनशे फोटो काढलेत, पुरे की! सोमवारी त्याला आतून भिंती धुऊन घ्यायच्यात. थांबवू का? आणि ड्रॉइंग किती काढू?

चुनावीट
थांबवा. तोंडी नको, आजच ईमेल टाका. केंटमधल्या एका बार्नवर मी मंगळवारी पोचलो, तर सोमवारीच तुळयांवर सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा फवारा मारून घासणं, उरकलेलं. कुठलं लाकूड कुठे बसवायचं त्यासाठी सुतारांनी कोरलेले रोमन आकडे साफ गेले. नवीन पाटासारख्या तुळया. मी अहवालात काय लिहिणार, कपाळ?

आधी एक सांगतो, राग मानू नका. कोठार म्हणू नका त्याला. धान्याचं कोठार तिकडे वेगळं असतं, बरेचदा उंदीर चढू नयेत म्हणून दगडी खुंटांवर उचललेलं. तुमचं आहे ते छपराखालचं खळं. दोन दारांमधली जागा म्हणजे झोडपणीची जमीन. हिवाळाभर माणसं तिथे काठ्यांनी गहू-जव झोडपायची, मग दोन्ही दारं उघडून वाऱ्यावर उफणायची. बाजूच्या खणांत पेंढ्या रचलेल्या, त्यांना हवा लागावी म्हणून ती भोकं. आणि खाचांत आडव्या फळ्या सरकवायचे: दाणा बाहेर उडू नये, कोंबड्या-डुकरं आत येऊ नयेत. हे काम डोळ्यांसमोर ठेवून फिरलात की काय मोजायचं ते इमारतच सांगते.

हिस्टॉरिक इंग्लंड या तिथल्या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत नोंदीच्या चार लेव्हल आहेत. दुसरी म्हणजे वर्णनाची. मोजून काढलेला प्लॅन आणि दोन्ही दारांतून जाणारा एक सेक्शन (उभा छेद), एवढं मी तरी देतो. पण ‘डब्ल्यूएसआय’ म्हणतात तो कामाचा लेखी आराखडा आधी मंजूर करून घ्या, नाहीतर दोनदा जावं लागेल. फोटोत दोन मीटरची लाल-पांढरी काठी हवीच. मालकाच्या दोनशे फोटोंत ती नसणार, पैज.

विटेची जाडी एकेक मोजू नका. सांध्यांसकट चार थरांची उंची घ्या, वेगवेगळ्या ठिकाणी. आणि वीट जाड दिसली की लगेच ‘विटेवरच्या कराच्या काळातली’ असं ठोकून देऊ नका. तो कर १७८४ ला आला, हजार विटांमागे होता, म्हणून लोक मोठ्या विटा पाडू लागले. १८०३ मध्ये १५० घनइंचांवरच्या विटेला दुप्पट केला. १८५० ला उठला. पण भट्टीगणिक माप बदलायचं. त्यापेक्षा भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसतो का बघा, तिथे पुढचं बांधकाम जोडलेलं असतं.

वावडीवरचा_बाप्या
आमच्याकडे पाटी डोक्यावर धरून वावडीवर उभं राहायचं नि वाऱ्याची वाट बघायची. वारा पडला की आजोबा शीळ घालायचे. तिकडच्यांनी दोन दारं करून वारा घरातच बोलावला म्हणायचा! वटवाघळांचं बघा मात्र, त्यांचा सर्व्हे झाल्याशिवाय कौल हलवू देत नाहीत म्हणे.

माणदेशी_नॉरिचकर
वटवाघळांचा झालाय, बाप्या. चुनावीट, ईमेल टाकला. मालक तणतणला, पण थांबला. कोठार शब्दही मागे घेतला. आमचं खळं पाहिलेलं असून मला सुचू नये?

काल संध्याकाळी एकटीच गेले होते. टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरला, तर उत्तरेच्या दाराशेजारी चुन्याच्या गिलाव्यावर रेघाच रेघा निघाल्या. चार उभ्या, एक तिरपी, पुन्हा चार उभ्या. पोती मोजली असणार. एकेचाळीस गठ्ठे मोजले मी, मग पुढे गिलावा फुटलाय. बरोब्बर त्याच भिंतीपासून सोमवारी धुवायला घेणार होते. हे लेव्हल २ मध्ये बसतं का, की वेगळी ड्रॉइंग शीट करू?

चुनावीट
वेगळी शीट. स्केल एकास दहा. आणि फोटो काठीसकट, टॉर्च डावीकडून एक, उजवीकडून एक. गिलावा फुटलाय ती कडसुद्धा काढा.