मदत हवी आहे: चालू असलेल्या एंजिनएक्स वेब सर्व्हरची खरी आवृत्ती कशी बघायची?

नमस्कार मंडळी. उबुंटू 22.04 च्या सर्व्हरवर ‘एंजिनएक्स -व्ही’ दिलं की 1.24.0 दिसतं, पण ‘कर्ल -आय लोकलहोस्ट’ केलं की सर्व्हर हेडरमध्ये (उत्तरातल्या, सर्व्हरचं नाव-आवृत्ती सांगणाऱ्या ओळीत) 1.18.0 येतं. आधी उबुंटूचंच 1.18 होतं, मागच्या आठवड्यात एंजिनएक्सच्या अधिकृत रेपोमधून (पॅकेजच्या भांडारातून) अपग्रेड केलं, तेव्हा सर्व्हिस रीस्टार्ट होऊ दिली नव्हती.

‘व्हिच -ए’ला एकच बायनरी (चालवायची प्रोग्रॅम फाइल) सापडते. इन्स्टॉल पॅकेजांची यादी देणारं ‘डीपीकेजी -एल’ही 1.24 च सांगतं. कॅपिटल व्ही देऊन पाहिलं, कॉम्पाइलचे पर्याय तेवढे जास्त दिसले. मध्ये प्रॉक्सी किंवा डॉकर काही नाही. दोनदा रीलोड केलं, फरक शून्य. माझा अंदाज असा की जुनी मास्टर (मुख्य) प्रोसेस अजून मेमरीत आहे आणि रीलोडने नवे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) तिच्यातूनच निघतात, डिस्कवरची नवी बायनरी वाचलीच जात नाही.

साइटवर दिवसभर ऑर्डर येतात, त्यामुळे अंदाजावर रीस्टार्ट करायचं नाही. रूट ॲक्सेस आहे.

हेडरवर विसंबून न राहता, मास्टरच्या पीआयडीवरून (प्रोसेस क्रमांकावरून) ती कुठल्या आवृत्तीची बायनरी चालवते आहे हे कुठल्या कमांडने कळेल? आणि जुनीच निघाली, तर सिस्टिमडी (सर्व्हिस सांभाळणारी व्यवस्था) असताना, मास्टरला नवी बायनरी सुरू करायला सांगणाऱ्या यूएसआर2 सिग्नलने कनेक्शन न तोडता बदलता येईल का?