ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग स्पर्धा) पाण्यात उतरताच धाप लागते, काय करावं?

प्रश्न: पूलमध्ये १५०० मीटर आरामात होतात. तलावात मात्र पहिल्या १०० मीटरमध्येच धाप लागते, तळ दिसत नाही म्हणून छातीत धडधडतं. उपाय सांगा.

उत्तर १: स्टॅमिना कमी पडतोय असं समजू नका. गार पाण्याच्या झटक्याने श्वास आपोआप जोरजोरात चालू होतो आणि २-३ मिनिटांत निवळतो. म्हणून स्टार्टआधीच ५-१० मिनिटं पाण्यात उतरा. आधी मान आणि चेहरा भिजवा, मग तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढत श्वास पूर्ण सोडा. खरी चूक इथेच होते: श्वास रोखून धरला की नवीन हवेला जागाच उरत नाही.

उत्तर २: वेटसूटही (पोहताना घालायचा घट्ट रबरी सूट) तपासा. पाय आणि कंबरेपासून कापड नीट वर ओढलं नसेल तर खांद्यावर ताण येऊन गळा आवळतो. पाण्यात गेल्यावर कॉलर ओढून थोडं पाणी आत घ्या, सूट अंगावर बसतो.

उत्तर ३: गर्दीत शिरू नका. कडेला, मागे थांबा, १०-१५ सेकंद जाऊ द्या. दर ६-८ वेळा हात मारले की फक्त डोळे पाण्याबाहेर काढून बॉय (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघा; अख्खं डोकं उचललं की पाय बुडतात. घाबरलात तर उताणे तरंगा. कयाक (मदतीसाठी असलेली छोटी होडी) धरलेला बहुतेक स्पर्धांत चालतो, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

उत्तर १: एक महत्त्वाचं राहिलं. खोकल्यातून फेसाळ, गुलाबी थुंकी आली तर ती भीती नव्हे, फुप्फुसात पाणी साठतंय. ताबडतोब हात वर करा आणि बाहेर पडा.