खपलीत ग्लुटेन असतंच

खपली गव्हाच्या पिठाबद्दलच्या या चर्चेत वर कुणी लिहिलंय की खपलीत ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) नसतं, म्हणून सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आतड्याचा आजार, असलेल्यांनाही तिच्या पोळ्या चालतात. हे कृपया कुणी घरी करून पाहू नका. खपली हा गहूच आहे. साध्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, खपलीत २८. त्यामुळे ग्लुटेनची घडण वेगळी नि कमी चिवट असते, पण ते असतं. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाला थोडंही बाधतं. त्यांच्यासाठी आपल्या सोलापुरात ज्वारीची भाकरी आहेच की! मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असेल तर आणखी काय हवं?

बाकी खपलीच्या चवीबद्दल जे लिहिलंय ते अगदी पटलं. मात्र सगळी चर्चा पिठावरच चाललीय, म्हणून आमच्याकडच्या हुग्गीबद्दल सांगते. अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या घरांत सणाला ही खीर हमखास होते. खपली रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी निथळून हलक्या हाताने कांडायची, कोंडा पाखडून कुकरमध्ये मऊ शिजवायची. मग गूळ, ओलं खोबरं, खसखस, सुंठ, वेलदोडा. दाणा मऊ होतो, पण लगदा होत नाही. शिवाय अख्खा किंवा भरडलेला दाणा बारीक पिठापेक्षा सावकाश पचतो. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी खपलीच्या चपात्यांवर विसंबण्यापेक्षा तिचा जाडसर दलिया भाज्या घालून तिखटमिठाचा करावा, आणि प्रमाण मोजूनच घ्यावं. साखर त्यानेही वाढतेच.