आपलं परराष्ट्र धोरण तत्त्वानं बदललं की गरजेनं?

वणाकाठचा, हिंगणघाट

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन निर्णय आले. केंद्राने १९ तारखेपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. २७ तारखेपासून अमेरिकेने आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, त्यातले २५ टक्के आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. तेव्हापासून आमच्याकडे पारावर, जिनिंगसमोरच्या गाड्यांच्या रांगेत, चार माणसं जमली की हाच वाद. काही म्हणतात, नेहरूंच्या काळात तत्त्व होतं, आता नुसता व्यवहार उरला. काही म्हणतात, तेव्हा भाबडेपणा होता, आता कुठे देश ताठ उभा राहिला. मला दोन्ही पटत नाही.

पंतप्रधान बदलला म्हणून आपलं धोरण बदललं, असं क्वचित झालं. १९७७ ला जनता सरकार आलं, खरी अलिप्तता (अमेरिका-सोव्हिएत कोणाच्याच गटात न जाणं) आणू म्हणालं, पण १९७१ चा सोव्हिएत मैत्री करार त्यांनीही मोडला नाही. देश कशासाठी दुसऱ्याच्या दारात उभा आहे, ते बदललं की धोरण बदलतं, हे माझं म्हणणं.

१९५५ ला बांडुंगमध्ये आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले. १९६१ ला बेलग्रेडला अलिप्त देशांची पहिली परिषद झाली. नेहरू दोन्हीकडे पुढे. पण मधेच, १९५६ ला, आपण अमेरिकेशी पीएल-४८० या त्यांच्या धान्यमदतीच्या कायद्याखाली गव्हाचा करार करून बसलो होतो. १९६५ आणि ६६ ला ओळीने पावसाने दगा दिला आणि ६६ मध्ये जवळपास एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. अध्यक्ष जॉन्सननी लांब मुदतीचा करार नाकारला आणि जहाजं थोडी थोडी करून सोडली. दिल्ली व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल बोलली की वॉशिंग्टनची नाराजी जहाजांच्या तारखांत दिसायची. जून १९६६ मध्ये डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला, तोही मदत देणाऱ्यांच्या दबावाखाली. रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवते. पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना काठाला चिरा पडायच्या, निवली की वातड. ज्वारी पिकवणाऱ्या मुलखाने ती खाल्ली.

त्याच १९६६ मध्ये कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. पाच वर्षांनी, कोठारं भरू लागल्यावर, डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात अमेरिकेचं 'एंटरप्राइज' हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघालं तेव्हा आपण हललो नाही. ऑगस्टमध्ये सोव्हिएत करार झाला होता हे खरं, पण कोठारं रिकामी असती तर तो कागद पुरला असता असं मला वाटत नाही.

१९९१ ला गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोनं गहाण पडलं, वर्ष संपता संपता सोव्हिएत संघच मोडला. लगेच जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले आणि पूर्वेकडच्या देशांकडे मोर्चा वळवला. हे करणारे नरसिंह राव आपल्याच रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले. गरज बदलली, धोरण बदललं. खोडून काढा.

निवृत्त गुरुजी, आर्वी

खोडतो. आणि तुझ्याच उदाहरणाने खोडतो. १९६६ ला देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता, तरी दिल्ली व्हिएतनामवर बोलली. गरजेनेच धोरण ठरत असतं तर तोंड बंद ठेवून जहाज पदरात पाडून घेतलं असतं. उपाशी देशाने किंमत मोजून मत मांडलं, हे तू स्वतः लिहितोस आणि निष्कर्ष उलटा काढतोस.

आणखी मागे जा. १९४६ ला, स्वातंत्र्य मिळायच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. वर्णभेदाविरुद्ध असं पाऊल उचलणारा पहिला देश आपला. आपल्या निर्यातीतला पाच टक्क्यांच्या आसपासचा वाटा त्यात गेला. कोणाच्या गरजेपोटी?

१९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. १९७३ ला सोव्हिएत संघाकडून वीस लाख टन गहू उसना घ्यावा लागला. आणि मे १९७४ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाला. कोठार भरलेलं असलं तरच कणा ताठ, हा तुझा नियम इथे बसत नाही.

मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. तरुण पोरांना 'सगळं हितसंबंधांवर चालतं' हे वाक्य फार आवडतं. पण मग हित कोणतं मानायचं, हे ठरवणारं काहीतरी लागतं की नाही? ते म्हणजेच तत्त्व.

पराटीवाला, पांढरकवडा

गुरुजी, वणाकाठचे भाऊ, तुमी दोघं बी दिल्लीत बसूनच बोलून राह्यले. मी वावरातून सांगतो.

ऑगस्टात शुल्क काढलं तवा म्हणे ३० सप्टेंबरपर्यंतच हाय. मंग वाढवलं ३१ डिसेंबरपर्यंत. आमची पयली वेचणी दसऱ्याच्या मागं-पुढं घरात येते, दुसरी दिवाळीनंतर. म्हंजे कास्तकाराचा कापूस बाजारात आला, आन बाहेरचा बिनशुल्काचा बी त्याच टायमाले आला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलले ८११० रुपये, तो बी कागदावर. खेड्यात फिरणाऱ्या व्यापाऱ्यानं तो कधी दिला काय? सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर न्या तर ओलावा जास्त म्हणून गाडी वापस.

आता हे काहून झालं? अमेरिकेनं कपड्यावर कर लावला, गिरण्या अडचणीत आल्या, त्याइले सस्ता कापूस पाह्यजे होता. मले मान्य हाय, गिरणीत बी गरिबाचंच लेकरू काम करते. पण रशियाचं तेल घ्यायचं देशानं ठरवलं तर त्याचा भार बी देशानं उचलावा. एकट्या पराटीवाल्यानं काहून?

आन हे पयल्यांदा नाही. २०२१ ले सोयाबीन चढलं, लगेच बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणाले परवानगी. २०१६ ले मोझांबिकशी तुरीचा करार केला, मंग म्यानमार, मलावी. दुसऱ्या देशाशी दोस्ती कराची असली का आमची तूर मधात येते. सरकार कोणाचं बी असो.

चुलबंदकाठ, भंडारा

दोन्ही बाजू नेहरूंवरच थांबल्या. आमच्या जिल्ह्यातून १९५४ ची पोटनिवडणूक लढलेल्या माणसाचं नाव कोणीच घेतलं नाही. बाबासाहेब ती निवडणूक हरले, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी पंचशीलावर, म्हणजे भारत-चीनने मान्य केलेल्या सहजीवनाच्या पाच तत्त्वांवर, जे भाषण केलं ते आजही वाचावं. चीनचा पंचशीलावर खरंच विश्वास असता तर त्याने आपल्या मुलखातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं, असा त्यांचा रोख होता. तिबेटवरचा चीनचा ताबा आपण मान्य केला, याचा परिणाम आपल्या सीमेवर होईल हे त्यांना दिसत होतं. १९६२ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

त्याआधी १९५१ च्या कायदेमंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी आकडे मांडले होते. वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले १८० कोटी लष्करावर. मदतीला धावून येईल असा मित्र नाही म्हणून एवढा खर्च करावा लागतो, हा त्यांचा आरोप. परराष्ट्र धोरण गरिबाच्या ताटातून काय काढून घेतं हे त्यांनी मोजलं. गुरुजी तत्त्व म्हणतात, वणाकाठचे गरज म्हणतात. बाबासाहेबांनी विचारलं की तत्त्वाचा खर्च कोण भरतो. पराटीवाले भाऊ आज तेच विचारत आहेत.

गुरुजींच्या बाजूचीही एक गोष्ट सांगतो. १९५९ ला दलाई लामांना आसरा दिला, तेव्हा आपल्याला त्यातून काहीच मिळणार नव्हतं, चीनशी वैर तेवढं वाढलं. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. ती माणसं मका-धान लावतात आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला गावोगाव जातात. ज्या चुकीबद्दल बाबासाहेब बोलले त्या चुकीची थोडी भरपाई आपल्या भागाने जमीन देऊन केली.

वणाकाठचा

गुरुजी, दक्षिण आफ्रिकेचा मुद्दा वजनदार आहे. पण तिथे आपण विकणारे होतो. विकणाऱ्याला दुकान बंद करता येतं, हात पसरलेल्याला येत नाही. १९७३ चा उसना गहू सोव्हिएतांचा होता, पोखरणवर चिडून निर्बंध लावणारे दुसरेच होते. व्हिएतनामचं म्हणाल, तर बोललो आणि भोगलं. पुढच्या काळात किती वेळा गप्प बसलो तेही मोजा. १९८० ला अफगाणिस्तानावर संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं तेव्हा आपण तटस्थ. सोव्हिएत रणगाडे आणि विमानं आपल्याकडे होती, सुटे भाग तिकडून यायचे.

अजून एक, जे फारसं कोणी बोलत नाही. पश्चिम सहारातल्या साहरावी प्रजासत्ताकाला भारताने १९८५ ला मान्यता दिली होती, वसाहतवादाविरुद्धच्या भूमिकेतून. २००० मध्ये ती काढून घेतली. समोर मोरोक्को होता, जगातला सर्वांत मोठा फॉस्फेटचा साठा असलेला देश. डीएपी खत कशापासून बनतं ते कास्तकाराला सांगायला नको. पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रावर रांग लागते, डीएपीच्या एका पोत्यासोबत नको असलेलं दुसरं काहीतरी लिंकिंगमध्ये गळ्यात मारतात, आणि माणूस मुकाट घेतो कारण उद्या पाऊस आहे. देशही असाच घेतो. २०२० ला गलवानमध्ये चिनी सैन्याशी चकमक झाल्यानंतर आपण चिनी अ‍ॅप बंद केले, चिनी डीएपी बंद करू शकलो नाही. चीनने हात आखडता घेतला तेव्हा टंचाई आपल्या गावात दिसली.

मूर्तिजापूरची ताई

भाऊ, 'मागणारा वाकतो' हे अर्धंच खरं आहे. २०१९ ला मलेशियाचे पंतप्रधान महाथीर काश्मीरवर बोलले. आपण खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, म्हणजे तुमच्या हिशेबाने मागणारेच. तरी जानेवारी २०२० मध्ये आपण शुद्ध केलेल्या पाम तेलाच्या आयातीवर बंधन घातलं आणि खरेदीचा रोख इंडोनेशियाकडे वळवला. घाम मलेशियाला फुटला, कारण एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं. २०२२ नंतर रशियाच्या तेलाचंही तसंच. आधी आपल्या खरेदीत दोन टक्क्यांच्या आसपास, मग तिसऱ्या हिश्श्याच्या वर. रशियाला दुसरे घेणारे कमी होते म्हणून भाव आपण पाडला.

म्हणजे घेणारा आहे की देणारा, यावर काही ठरत नाही. दुकान एकच आहे की चार, यावर ठरतं. डीएपीत आपण अडकतो कारण दुकानं मोजकी. मी घराजवळच्या अडीच एकरात सोयाबीन करते, आणि दरवर्षी पाहते की पाम तेल स्वस्त झालं की आमचा भाव पडतो. त्यामुळे मलेशियाला धडा शिकवल्याचा आनंद मला झाला, पण तेल शेवटी बाहेरूनच आलं. तेलबियांना गव्हासारखा भाव आणि गव्हासारखी खरेदी दिली असती तर हा प्रश्नच उरला नसता. ते कोणत्याच सरकारने केलं नाही.

संत्रावाला, वरुड

ताई, गिऱ्हाईक एकच असलं तरी तेच होतं. आमचा संत्र्याचा आंबिया बहार वर्षानुवर्षं ट्रक भरभरून बांगलादेशात जायचा. त्यांनी आयात कर टप्प्याटप्प्याने चढवत नेला आणि इथे झाडाखाली फळं सडली. मैत्रीच्या घोषणा दोन्ही राजधान्यांत चालूच होत्या. दुसरी बाजारपेठ आधी कोणी शोधली नाही.

निवृत्त गुरुजी, आर्वी

ताईंनी जे सांगितलं ती अलिप्तताच आहे. एका दुकानाला बांधून घ्यायचं नाही, हाच तर नेहरूंचा डाव होता. भिलाई इथून किती लांब? तिथला पोलाद कारखाना सोव्हिएतांनी उभारून दिला, राउरकेला पश्चिम जर्मनांनी, दुर्गापूर इंग्रजांनी. तिन्ही एकाच दशकात. बोकारोसाठी अमेरिकेशी बोलणी झाली, ती फिसकटल्यावर सोव्हिएत आले. आज अमेरिकेसोबत क्वाड गटातही बसायचं आणि रशिया-चीनसोबत ब्रिक्समध्येही, याला नवं नाव दिलं तरी रीत जुनीच. वणाकाठचा म्हणतो धोरण बदललं. मी म्हणतो, तत्त्व टिकलं म्हणून दुकानं बदलता आली.

पराटीवाला, पांढरकवडा

गुरुजी, चार दुकानं झाली, चांगलं झालं. पण त्या दुकानाच्या बोलणीले आमचा कोण जाते? ऑगस्टात पंतप्रधानानं सांगतलं का शेतकरी, दूधवाला, मासेमार याइच्या हिताशी तडजोड नाही. मले बरं वाटलं. बाराव्या दिवशी कापसाचं शुल्क गेलं. माझं मागणं लहान हाय. शुल्क काढाचं तर एप्रिल ते सप्टेंबर काढा, आमचा माल विकून झाल्यावर. ऑक्टोबर ते मार्च बंद ठेवा. गिरणी बी जगन, आम्ही बी.

चुलबंदकाठ, भंडारा

करारात असं मोसमी शुल्क दुसरा देश मान्य करील? एकदा शून्य लिहिलं की बारा महिने शून्य.

संत्रावाला, वरुड

युरोप करतो ना. तिकडे संत्र्यावरचा कर हिवाळ्यात, त्यांचं फळ निघतं तेव्हा, जास्त असतो आणि उन्हाळ्यात कमी. त्यांच्या बागायतदारांनी ते करारात लिहून घेतलं.