खटल्याविना स्थानबद्धता: आरोप सिद्ध न करता वर्षभर तुरुंगात ठेवणे घटनेत कसे बसते?

कृष्णाकाठ (प्रश्न)

आमच्या भागातील एका तिशीतल्या तरुणाला अलीकडेच 'एमपीडीए' म्हणजे महाराष्ट्राच्या धोकादायक कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध करून दूरच्या जिल्ह्यातील मध्यवर्ती कारागृहात पाठवण्यात आले. त्याच्यावर मारामारीचे आणि खंडणीचे गुन्हे दाखल आहेत. त्यांपैकी एकाचाही निकाल लागलेला नाही आणि सर्व गुन्ह्यांत त्याला जामीन मिळालेला होता. बाजारपेठेतील दुकानदारांना हायसे वाटले आणि त्यात मला काही गैर दिसत नाही, कारण हप्त्याचा जाच त्यांनी सोसला आहे. मात्र त्याच्या आईने कागद वाचून दाखवण्यासाठी माझ्याकडे आणले तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. आदेशाला दोन गोपनीय साक्षीदारांचे जबाब जोडलेले आहेत. साक्षीदारांची नावे 'अ' आणि 'ब' एवढीच आहेत, तारीख गाळलेली आहे, ठिकाण मोघम आहे आणि दोन्ही जबाबांत 'त्याच्या दहशतीमुळे मी पोलिसांत तक्रार दिली नाही' हे वाक्य शब्दशः एकच आहे. ती माऊली मला विचारत होती की सुनावणीची तारीख कोणती आहे, आणि मला सांगावे लागले की तारीखच नाही.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, 'अ' आणि 'ब' खरे बोलले की नाही हे तपासणारी एखादी जागा या व्यवस्थेत आहे का? आणि नसेल, तर कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे सांगणाऱ्या अनुच्छेद २१ शेजारी हा कायदा कसा नांदतो?

खंडपीठ

आपण जी जागा शोधत आहात ती या व्यवस्थेत जवळजवळ नाही. घटनेचा अनुच्छेद २२ वाचला तर पहिल्या दोन खंडांत अटकेची कारणे सांगण्याचे बंधन, वकिलाचा अधिकार आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याची सक्ती दिसते. तिसऱ्या खंडात मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली ठेवलेल्या व्यक्तीला हे संरक्षण लागू नाही असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच्या बदल्यात जे मिळते ते पुढच्या खंडांत आहे: स्थानबद्धतेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवणे, निवेदन करण्याची संधी देणे, आणि तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे असल्यास सल्लागार मंडळाचे (उच्च न्यायालयाचे आजी-माजी किंवा त्या पात्रतेचे न्यायाधीश असलेल्या मंडळाचे) मत घेणे. त्यातही सहावा खंड सांगतो की जी माहिती उघड करणे लोकहिताविरुद्ध आहे असे अधिकाऱ्याला वाटते ती त्याने देण्याची गरज नाही. 'अ' आणि 'ब' यांची नावे झाकली जातात ती याच आधाराने.

संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये या तरतुदींवर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ही कलमे एक भरपाई म्हणून मांडली होती. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात न्याय्य प्रक्रियेची हमी देणारी शब्दयोजना स्वीकारली गेली नव्हती, त्यामुळे राहिलेली उणीव काही अंशी तरी भरून काढावी असा त्यामागचा हेतू होता. घटना लागू होऊन महिना होतो न होतो तोच, १९५० च्या फेब्रुवारीत, संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला, आणि त्याच वर्षी या कायद्याखाली स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो, एक कलम वगळता, वैध ठरवला.

आता एमपीडीएविषयी. १९८१ चा हा राज्याचा कायदा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी झाला आणि पुढे त्यात धोकादायक व्यक्ती आणि वाळू तस्करांसारख्यांची भर पडली. पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात, बारा दिवसांत राज्य सरकारची मंजुरी लागते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे जाते आणि कमाल मुदत एक वर्षाची आहे. मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. १९८१ च्या ए. के. रॉय निकालाप्रमाणे फार तर वकील नसलेला एखादा मित्र मदतीला घेता येतो, आणि सरकारने स्वतः वकील उभा केला तरच स्थानबद्धालाही तो मिळतो.

मुख्य अडचण यापुढेच सुरू होते. आदेश उभा असतो तो अधिकाऱ्याच्या 'व्यक्तिनिष्ठ समाधाना'वर, म्हणजे त्याची स्वतःची खात्री पटण्यावर. उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (कैदेची वैधता न्यायालयाने तपासावी अशी) याचिका केली तरी पुरावा पुरेसा होता का, साक्षीदार खरा होता का, हे न्यायालय सहसा तपासत नाही. ते पाहते की समाधानाला काही आधार होता का, अधिकाऱ्याने विचारपूर्वक निर्णय घेतला का, आणि कार्यपद्धती पाळली गेली का. त्यामुळे आम्ही वकील मंडळी याचिकेत लिहितो ते असे: निवेदनावर निर्णय द्यायला अक्षम्य विलंब झाला, जामिनाचे आदेश अधिकाऱ्यापुढे ठेवलेच नव्हते, पान क्रमांक अमुक वाचता येत नाही, भाषांतर दिले नाही. १९६२ मध्ये नागपूरच्या हरिकिसन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला, कारण इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला कारणे इंग्रजीत देऊन तोंडी अर्थ सांगण्यावर भागवण्यात आले होते. निकाल योग्यच होता. पण परिणाम पाहा: खरोखर खंडणीखोर असलेला माणूस अस्पष्ट छायाप्रतीमुळे सुटतो, निरपराध माणूस सगळ्या प्रती सुवाच्य असल्यामुळे आत राहतो, आणि दोघांपैकी खंडणीखोर कोण होता याची नोंद कोणत्याही न्यायालयात होत नाही.

नाकाबंदी

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे आणि असे प्रस्ताव तयार करण्याचे काम केले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. ज्याच्या नावाने बाजारपेठ थरथरते त्याच्याविरुद्ध खुल्या न्यायालयात उभा राहणारा दुकानदार तुम्हाला मिळत नाही. मिळाला तर तारखांमागून तारखा पडतात आणि तोवर तो फितूर झालेला असतो. आरोपी जामिनावर सुटून त्याच संध्याकाळी त्याच चौकात उभा राहतो, तेव्हा फिर्याद देणाऱ्याला आम्ही कोणत्या तोंडाने धीर द्यायचा? तडीपारी केली तर तो शेजारच्या जिल्ह्यात बसून फोनवरून कारभार चालवतो. 'मोका' (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावायचा तर संघटित टोळी आणि मागील आरोपपत्रे दाखवावी लागतात. राहता राहतो तो हाच मार्ग. नाव गुप्त ठेवले नाही तर 'अ' च्या दुकानाच्या काचा दुसऱ्याच दिवशी फुटतील, हे मी ऐकीव सांगत नाही.

जबाबांची भाषा सारखी असते ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याने साक्षीदाराशी स्वतः बोलून खातरजमा करावी अशी अपेक्षा न्यायालयांनी वारंवार व्यक्त केली आहे. ती पडताळणी एका शेऱ्यात आणि सहीत उरकली जात असेल तर दोष अंमलबजावणीचा आहे. त्यासाठी कायदाच नको म्हणणे मला पटत नाही.

शनिवारवाडा

नाकाबंदी साहेबांनी मांडलेली अडचण मी मनापासून मान्य करतो. तरीही अंमलबजावणी सुधारली की प्रश्न मिटेल, हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच पुण्याच्या इतिहासात आहे.

१८९७ च्या जूनमध्ये पुण्यातील प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. जुलैअखेरीस सरकारने लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले आणि जवळजवळ त्याच वेळी पुण्याचे सरदार नातू बंधू यांना १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ खाली खटल्याविना बंदिवासात टाकले. टिळकांचा खटला पक्षपाती होता, यात शंका नाही. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष म्हटले, आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पण त्या खटल्यात सरकारला आपला आरोप उघड मांडावा लागला, कोणता मजकूर आक्षेपार्ह हे दाखवावे लागले, आणि त्यामुळेच सव्वाशे वर्षांनंतरही आपण तो खटला वाचून न्यायाधीशांचे आणि ज्यूरीचे मूल्यमापन करू शकतो. नातूंच्या बाबतीत मूल्यमापन करायचे तर कशाचे? त्यांची मालमत्ता जप्त झाली, ते कैदेत राहिले, आणि त्यांनी नेमके काय केले हे सरकारने न्यायालयात कधीच सिद्ध केले नाही. अन्यायी खटल्यातही आरोपीच्या हाती उत्तर देण्यासाठी काहीतरी लागते. खटलाच नसेल तर खंडन कशाचे करायचे हेही त्याला ठाऊक नसते.

स्वतंत्र भारतातील एक उदाहरण मला फार बोलके वाटते. कम्युनिस्ट पुढारी प्रभाकर संझगिरी यांना १९६२ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध केले गेले. तुरुंगात त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत एक शास्त्रीय पुस्तक लिहिले आणि प्रसिद्धीसाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. विषय होता इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्राचा. त्याने राज्याची सुरक्षितता धोक्यात येते असे सरकारही म्हणत नव्हते. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याची सवलत नमूद नाही, म्हणजे तो अधिकारच नाही, एवढाच सरकारचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. सरकार एवढ्यावर न थांबता सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये तिथेही हरले. माणूस धोकादायक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी एकदा अंगावरून उतरली की त्याची वही धोकादायक का आहे हे सांगण्याचीही गरज सत्तेला वाटेनाशी होते, ती अशी.

आणीबाणीविषयी थोडक्यातच लिहितो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे. 'मिसा' हा अंतर्गत सुरक्षेसाठीचा स्थानबद्धता कायदा १९७१ चा, म्हणजे आणीबाणीच्या चार वर्षे आधीचा, आणि शांततेच्या काळातही वापरता येणारा. जून १९७५ नंतर त्यात दुरुस्त्या करून स्थानबद्धतेची कारणे कळवण्याचे बंधन काढले गेले आणि ती कारणे राज्याचे गुपित ठरवली गेली. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या नोंदीप्रमाणे सुमारे ३५,००० लोक मिसाखाली आत गेले. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनाही पुढे तुरुंगात जावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले की अशा कैद्याला बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करण्याचा अधिकारच नाही. सरकार स्थानबद्धांची जी काळजी घेते ती जवळजवळ मातेसारखी आहे, असे न्या. बेग यांनी त्या निकालपत्रात लिहिले. वैयक्तिक वैरातून पोलिसाने कोणाचा जीव घेतला तर काय, असे न्या. खन्ना यांनी विचारले असता, आणीबाणी असेपर्यंत त्यावर न्यायालयीन उपाय नाही, असे अ‍ॅटर्नी जनरलना सांगावे लागले होते. एकटे विरोधी मत देणारे न्या. खन्ना यांना डावलून जानेवारी १९७७ मध्ये बेग सरन्यायाधीश झाले. तो निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मोडीत काढला.

त्यानंतरची गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. जनता सरकारच्या काळात १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय ठेवण्याची मुदत तीनवरून दोन महिन्यांवर आणण्याची आणि मंडळातील नियुक्त्या उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीनेच करण्याची तरतूद तिच्यात होती. संसदेने ती मंजूर केली, पण त्या कलमाच्या अंमलाची तारीख ठरवण्याचे काम सरकारवर सोपवले होते. ती तारीख आजवर एकाही सरकारने, कोणत्याही पक्षाच्या, जाहीर केलेली नाही. मिसाखाली तुरुंग भोगलेली माणसे पुढे मंत्रिपदांवर बसली, तरीही नाही. साहेब, म्हणूनच मला वाटते की हे प्रकरण अंमलबजावणीतील ढिलाईच्या पलीकडचे आहे. हा अधिकार हाती असणे प्रत्येक सत्तेला सोयीचे वाटते.

नाकाबंदी

शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. साक्षीदार संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये योजना मान्य केली. तिच्यासाठी मनुष्यबळ आणि पैसा मिळाला असता तर निम्मे प्रस्ताव मीच पाठवले नसते, एवढे नक्की सांगतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. दुकानदारांची भीती आणि या मुलाचा हक्क यांपैकी एकच निवडावे लागते असे मला वाटत होते. नाकाबंदी साहेबांचे शेवटचे वाक्य वाचून लक्षात येते की साक्षीदाराला संरक्षण आणि खटल्याला गती मिळाली असती तर दोन्ही साधले असते. जे काम सरकारने करायला हवे होते त्याची किंमत आता 'अ' ही मोजतो आहे आणि हा मुलगाही. त्याच्या आईने आता काय करावे, एवढे सांगितलेत तर उपकार होतील. वकिलाची फी देण्याची तिची परिस्थिती नाही.

खंडपीठ

कारणे आणि सोबतचे सर्व कागद स्थानबद्धतेपासून पाच दिवसांच्या आत मिळायला हवे होते. ते कोणत्या दिवशी हातात पडले ती तारीख आणि पोचपावती जपून ठेवावी. मुलाला अवगत असलेल्या भाषेत प्रत्येक कागद आहे का आणि प्रत्येक पान वाचता येते का, हे स्वतः बसून पाहा. निवेदन मुलाच्या सहीने कारागृह अधीक्षकांमार्फत राज्य सरकारच्या गृह विभागाकडे आणि सल्लागार मंडळाकडे, तसेच सरकारची मंजुरी येण्यापूर्वी असेल तर आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेही जाऊ शकते, आणि त्यावर निर्णय द्यायला सरकारने लावलेला प्रत्येक दिवस पुढे याचिकेत कामाला येतो. सर्व गुन्ह्यांतील जामिनाचे आदेश मिळवा आणि ते अधिकाऱ्याने विचारात घेतले होते का, हे आदेशातून ताडून पाहा. सर्वसाधारण कायद्याने काम भागत असताना स्थानबद्धतेचा मार्ग धरता येत नाही, असे २०११ च्या रेखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. केवळ कायदा व सुव्यवस्थेचा भंग आणि सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका यांत फरक आहे, हे तर १९६५ च्या राममनोहर लोहिया निकालापासून मान्य आहे. शेजाऱ्याशी झालेली मारामारी दुसऱ्या प्रकारात मोडत नाही.

फीची चिंता करू नये. कैदेत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. आईने आदेशाची प्रत घेऊन तिथे जावे आणि उच्च न्यायालयात याचिका करायची आहे असे स्पष्ट सांगावे, म्हणजे प्रकरण उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे पाठवले जाईल. हे याच आठवड्यात करा, कारण वर्ष संपत आल्यावर सुनावणीला आलेल्या याचिकेचा त्या मुलाला काहीही उपयोग होत नाही.