कंपनीच्या समुपदेशकाला सांगितलेलं एचआरपर्यंत जातं का?

वाळूज_दुसरीपाळी: कंपनीत सुपरवायझर आहे. झोप लागत नाही, लाईनवर पोरांवर चिडचिड व्हायलीय. नोटीस बोर्डावर समुपदेशनाचा फुकट नंबर लावलाय, 'सर्व गोपनीय' लिहिलंय. बढतीचं चाललंय म्हणून भीती वाटते. बाहेर दाखवायचं तर ५०० च्या वर जमणार नाही.

शेंद्र्याचा_भाऊ: अजिबात फोन करू नका. आमच्या इथं एकजण बोलला, आठवड्यात कॅन्टीनभर झालं.

पैठणगेट: मी पुण्याच्या मॅडमकडे ऑनलाईन जाते. १५०० घेतात, पण एक नंबर!

वाळूज_दुसरीपाळी: ताई, ५०० म्हणलो.

एचआरमधला: सेवा बाहेरच्या संस्थेची असली तर आमच्याकडं सहसा नावं येत नाहीत, नुसते आकडे येतात. पण विभागवार आकडे आले आणि मेंटेनन्सला चारच माणसं असली, तर कोण ते कळतंच की. नाव न सांगता आधी विचारा: अहवालात काय जातं, नोंदी किती दिवस ठेवता? फोन स्वतःच्या मोबाईलवरून करा, कंपनीचा मेल-लॅपटॉप नको. साहेबानंच पाठवलं असेल तर हजर राहिलात का, एवढं कळवू शकतात. तेही विचारून घ्या.

शेंद्र्याचा_भाऊ: एचआरवाले असंच म्हणणार.

लातूरची_वकील: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ वाचा. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, कोर्टाचा आदेश असे अपवाद आहेत. पण तज्ज्ञांवरचं हे बंधन मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशांना. कंपनीतला साधा समुपदेशक त्यात बसेलच असं नाही. पदवी, नोंदणी विचारा.

जालनारोड: रात्रीचा चहा बंद करा. मी केला, ढाराढूर झोपतो.

शेंद्र्याचा_भाऊ: दुसऱ्या पाळीला चहा बंद? लाईनवर कधी उभे राहिलात का?

घाटीजवळ: १४४१६ लावा. टेली मानस, सरकारी, फुकट, रात्री-अपरात्री पण लागतो, मराठीत बोलतात. कंपनीचा संबंधच नाही. नाहीतर घाटीत, सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढा, रांगेची तयारी ठेवा.

पैठणगेट: मी पण १४४१६ च सांगणार होते. तरी मॅडमचा विचार करा.

वाळूज_दुसरीपाळी: सगळ्यांचे आभार. मेव्हण्याच्या ओळखीचे डॉक्टर आहेत बीडला, ६०० घेतात. त्यांच्याकडंच चाललो रविवारी.

शेंद्र्याचा_भाऊ: मेव्हण्याला कळालं म्हणजे सासरवाडीला कळालं. त्यापेक्षा एचआर बरं होतं की!