दंडाचा बडगा भाजीवाल्यांवरच का?

दंड वाढवल्याशिवाय प्लास्टिक पिशव्यांचा वापर थांबणार नाही, असे काही जण म्हणतात. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेने पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद ठरवली. म्हणजे शिक्षा कमी आहे असे मुळीच नाही. मात्र ज्या हातगाडीवाल्याची दिवसाची कमाईच तुटपुंजी असते, त्याच्याकडून पाच हजार वसूल करणे मला अन्यायाचे वाटते, कारण तो पिशवी बनवत नाही, घाऊक बाजारात उघडपणे मिळते म्हणून विकत घेतो. केंद्राने ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केली खरी, पण मंडईत उभे राहून ती मोजणार कोण? ही तपासणी कारखान्याच्या आणि गोदामाच्या दारातच व्हायला हवी. शिवाय १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीत स्ट्रॉ, काटे-चमचे, थर्माकोलची सजावट आली, गटारे तुंबवणारी शांपूची बहुस्तरीय (प्लास्टिकसह अनेक थर चिकटवून केलेली) पाकिटे मात्र त्या यादीत नाहीत. ती परत गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकली आहे, आणि तिचा हिशेब नागरिकांनी आपापल्या महापालिकेकडे व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी मागावा, अशी माझी विनंती आहे.